वयाबरोबर येणाऱ्या चामखिळी : घाबरायचे कशाला, जपायचे कशाला?

थंडी सुरू झाली की रुवैसमधल्या आपल्या घरांत भारतातून आई-वडील, सासू-सासरे राहायला येतात. मग गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो, "अहो, पाठीवर हे काळं काय आलंय? कॅन्सर तर नाही ना?" म्हणूनच या विषयाची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

चाळिशी-पन्नाशीनंतर त्वचेवर नवे उंचवटे येणे हे केस पिकण्याइतकेच स्वाभाविक आहे. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. पण आपण सगळ्यांनाच 'चामखीळ' म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

नेहमी दिसणारे प्रकार

१. सेबोरिक केराटोसिस : तपकिरी-काळा, खरखरीत, मेणाचा थेंब वरून चिकटवल्यासारखा डाग. छाती, पाठ, चेहरा येथे येतो. तळहात-तळपायांवर येत नाही.

२. गालांवरचे बारीक काळे ठिपके : सावळ्या वर्णात जास्त, आणि बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून आलेले.

३. लोंबणारी चामखीळ (स्किन टॅग) : मान, काख, जांघ अशा घासणाऱ्या जागी मऊ, देठ असलेली.

४. लाल तीळ : बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका. रक्त बिघडल्याचे हे लक्षण नव्हे.

यांपैकी काहीही एकाचे दुसऱ्याला लागत नाही. हातापायांवरची खरी चामखीळ, म्हणजे वार्ट, ही मात्र विषाणूमुळे होते, मुलांनाही होते आणि पसरते.

मानेकडे लक्ष द्या

मानेवर बऱ्याच चामखिळी असतील आणि मानेची कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, तर ती मळ समजून घासत बसू नका. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. चामखीळ स्वतः निरुपद्रवी, पण ती मधुमेहाची सूचना देऊन जाते. रक्तातील साखर तपासून घ्या.

घरचे उपाय नकोत

घोड्याचा केस बांधणे, चुना लावणे, ब्लेडने कापणे हे उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांनी जखम चिघळते, डाग राहतो. मधुमेह्यांना तर धोका अधिकच. शिवाय ती गाठ चामखीळ नसून दुसरेच काही असेल, तर निदानाला उशीर होतो. काढायचीच असेल तर डॉक्टर ती विजेच्या उपकरणाने जाळून किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवून काढतात. आपल्या वर्णावर नंतर पांढरा किंवा काळा डाग राहू शकतो, हे आधी विचारून घ्यावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

• डाग झपाट्याने वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत किंवा एकाच डागात अनेक रंग आहेत
• आपोआप रक्त येते, जखम भरत नाही
• थोड्या दिवसांत एकदम पुष्कळ डाग उगवले
• तळपाय, तळहात किंवा नखाखाली नवा काळा डाग वा पट्टा दिसतो

शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. सावळ्या लोकांत मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग कमी आढळतो, पण होतो तेव्हा बरेचदा अशा ऊन न लागणाऱ्या जागीच होतो. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो निघाला होता. १९८१ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले.

अबुधाबी येथून सुमारे २४० किलोमीटर. "एवढ्याशा डागासाठी कोण जाणार?" असे वाटणे साहजिक आहे. पण सुरुवात जवळच्या डॉक्टरांपासून करता येते. बहुतेक डाग ते पाहूनच ओळखतात. मोबाईलवर डागाचा फोटो तारखेसह काढून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा काढा, म्हणजे फरक कळेल.

आणि महिन्यातून एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांची पाठ आणि तळपाय आपण स्वतः पाहावेत. ते त्यांना स्वतःला दिसत नाहीत आणि संकोचाने ते सांगतही नाहीत.