तिकीट फाडण्याआधी

पोरी, उद्या तू गाडी घेऊन पुण्याला निघशील. सेकंड हँड का होईना, चारचाकी आहे, पहिल्या पगाराची आहे. आजी दही देईल, नारळ फोडेल. माझ्याकडे द्यायला तीस-बत्तीस वर्षांची एसटीची कंडक्टरकी तेवढी आहे. तुला वाटेल, पंचिंगचा चिमटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला फोनमधलं काय कळतं? पण पैसे, रस्ता आणि गिऱ्हाईक या तीनच गोष्टींत माझा जन्म गेला, आणि आता त्या तिन्ही तुझ्या फोनात जाऊन बसल्यात.

आमचा पहिला धडा होता, पैसे हातात पडल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही. एखादा म्हणायचा, "मागे आमचे पाहुणे आहेत, ते देतील." मागे कोणी पाहुणा नसायचा. आज तोच पाहुणा आजीच्या दुकानात येतो आणि स्क्रीन दाखवतो. हिरवी खूण, बरोबर रक्कम, खाली आजचीच वेळ. तशी स्क्रीन दाखवणारी खोटी ॲप असतात. म्हणून आजीचा नियम आहे की गिऱ्हाइकाच्या फोनकडे बघायचंच नाही, आपला साउंडबॉक्सचा डबा बोलला तर पैसे आले. तिला तो बोलका डबा फार आवडतो, कारण चष्मा शोधावा लागत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र रेंज गेली, डबा मुका झाला आणि गर्दीत तिघं जण साखर-तेल घेऊन गेले. तेव्हापासून डबा गप्प राहिला की ती स्वतःच्या खात्यात पैसे आलेत का बघते, तोवर पिशवी काउंटरच्या आतच. तू माल घेणाऱ्याच्या बाजूला असशील तेव्हा उलटं कर. कोड स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते मोठ्याने वाच. "सुरेश जनरल" लिहिलेल्या टपरीवर भलत्याच बाईचं नाव आलं तर थांब, विचार. पुष्कळदा ती मालकाची बायको निघते. कधीकधी रात्रीतून कोणी कोडवर दुसरा स्टिकर चिकटवलेला असतो.

आणि पिन. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. हे वाक्य देवघरात लिहून लावावं असं आहे. कोणी म्हणालं, "चुकून तुम्हाला पाचशे गेले, परत करा," तर आधी खात्यात आलेत का पाहा. मेसेज कोणीही लिहू शकतो. खरंच आले असतील तर त्याला सांग, तुझ्या बँकेला कळव, बँक परत मागेल.

ड्यूटीवर निघताना खिशात घरचे पैसे किती, हे आम्हाला वेबिलावर लिहून द्यावं लागायचं. रस्त्यात तपासणी पथक चढलं की बॅगेतले मोजायचे, खिशातले मोजायचे. तेव्हा राग यायचा, आज त्यातलं शहाणपण पटतं. बॅग वेगळी, खिसा वेगळा. पगार जमा होतो ते खाते फोनला जोडू नकोस. दुसरं एक लहान खाते काढ, महिन्याच्या खर्चापुरते पैसे त्यात टाक आणि तेवढंच जोड. फोन हरवला, फसवणूक झाली, तर जाईल ते खिशातलं जाईल.

मध्येच पैसे अडकले तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नकोस. आधी खाते बघ. कापले गेले असतील तर तो बारा आकडी व्यवहार क्रमांक जपून ठेव. दुकानदाराला दिलेले पण त्याला न पोचलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे. बँकेच्या काउंटरवर हे शांतपणे सांगायचं. मी सांगितलं तेव्हा पलीकडच्या पोराने माझ्याकडे वर मान करून पाहिलं.

आता रस्ता. गाडी जुनी आहे म्हणून आधी हे बघ की काचेवरचा फास्टॅग कोणाचा आहे. आधीच्या मालकाचा असेल तर काढून टाक, तुझ्या नावाचा घे. नाहीतर खेड शिवापूरच्या नाक्यावर तू उभी आणि पैसे त्याच्या खात्यातून, किंवा त्याने बंद केला असेल तर मागे हॉर्न. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल पडतो. गाडी दारात उभी असताना टोल कापल्याचा मेसेज आला तर महामार्ग हेल्पलाइनच्या १०३३ला फोन लाव.

नकाशा गाडी सुरू करण्याआधी लावायचा, फोन स्टँडवर, आवाज चालू. मांडीवर फोन ठेवून खाली बघत चालवणारे मी एसटीच्या उंच सीटवरून रोज पाहिलेत, त्यांच्याबद्दल ड्रायव्हर जे बोलायचे ते तुला सांगण्यासारखं नाही. गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तोही लक्ष न विचलित होता. कायद्याने दिलेली सवलत तेवढीच.

पण नकाशाला घाट कळत नाही. भोरहून महाडला जाणारा आपला वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे कितीदा बंद होतो, तुला माहीत आहे. फोन कधी सांगतो, कधी दोन दिवसांनी सांगतो. २०२१च्या जानेवारीत अकोले तालुक्यात फोनने दाखवलेल्या वाटेने रात्री निघालेली एक गाडी पाण्याखाली गेलेल्या पुलावरून थेट पाण्यात गेली. आत बसलेल्यांपैकी एक जण बुडाला. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की तो पूल पाण्यात आहे. म्हणून घाटाच्या पायथ्याशी थांबायचं, चहा घ्यायचा, वरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारायचं. विचारायचीही एक रीत आहे. "हा रस्ता महाडला जातो ना?" असं विचारलंस तर आपली माणसं भिडेखातर हो म्हणतात. "हा रस्ता कुठे जातो?" असं विचार, म्हणजे त्याला खरं उत्तर द्यावं लागतं. नीरा देवघरच्या पुढे रेंज जाते, तेव्हा नकाशा घरूनच उतरवून घे. आणि दोन मिनिटं वाचवणारी गल्ली फोनने सुचवली तर ती दोन मिनिटं त्यालाच ठेवू दे.

लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असली तर चालतात, पोलीस मान्य करतात. मात्र व्हॉट्सॲपवर "तुमचे चलान" म्हणून एखादी फाइल आली आणि ती ॲप उतरवायला सांगत असेल तर हात लावू नकोस. चलान बघायचं तर सरकारी परिवहनच्या साइटवर, स्वतः पत्ता टाकून.

खरेदीचं मी फार सांगत नाही, तिथे तू माझ्यापेक्षा हुशार. मॉलमध्ये बिलाआधी मोबाइल नंबर मागतात, तो द्यायलाच पाहिजे असं नाही. ग्राहक खात्याने २०२३मध्येच दुकानदारांना तसं बजावलंय. ऑनलाइन "फक्त दोन उरले", "पाच मिनिटांत ऑफर संपते" हे स्टँडवरच्या दलालाचं ओरडणं समज. रात्रभर टोपलीत राहू दे, सकाळी हवं वाटलं तर घे. पार्सल हातात घेऊन बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नकोस. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

आता एक गोष्ट, जी घरात फक्त आजीला माहीत आहे. खोट्या वयाच्या अर्ध्या तिकिटाची पोरं मी नुसत्या उंचीवरून ओळखायचो. तरी दोन वर्षांपूर्वी "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असा मेसेज आला आणि मी त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा गोड बोलला, त्याने एक ॲप घ्यायला लावलं, माझी स्क्रीन त्याला दिसू लागली. बारा हजार गेले. मी दोन दिवस लाजेने कोणाला बोललो नाही, तीच खरी चूक. सायबर हेल्पलाइनच्या १९३०ला तासाभरात फोन केला असता तर पैसे वाटेतच थांबवता आले असते कदाचित. आणि तू पिन-ओटीपी न देताच पैसे गेले तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला लेखी कळव. चूक तुझी नसेल तर नुकसान तुझ्यावर पडत नाही.

गेल्या वर्षी, २०२५च्या हनुमान जयंतीला, दुपारी सगळ्या देशात यूपीआय बंद पडलं होतं. आपल्या मंदिरापुढे नारळवाल्याच्या भोवती मोबाइल हातात धरलेली पोरंठोरं उभी, आणि मी कमरेच्या पिशवीतून सुट्टे काढून एकेकाला उसने देत होतो. जुनी सवय, कोणाचे किती ते हातावर लिहून ठेवलं. अजून चाळीस रुपये यायचेत.

तुझ्या गाडीत, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पट्टीमागे, आरसीच्या झेरॉक्समध्ये पाचशेची एक आणि दहाच्या पाच नोटा घडी करून ठेवल्यात. मोडल्यास की फोन कर, पुढच्या खेपेला मी परत भरून ठेवतो.