परड्यातला कांदा: वळवाआधी काढा, पावसाळाभर खा

हिंडलगा, सुळगा, उचगाव या पट्ट्यात परड्यात कांदा लावायचा तर आधी वळवाचा विचार करावा. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी ढग जमू लागतात आणि एखाद्या सरीत वाळत घातलेला कांदा भिजतो. असा कांदा नंतर वरून कितीही कोरडा दिसला तरी पाणी मानेतून आत उतरलेले असते. जूनची दमट हवा लागली की तोच आधी सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. म्हणून हिशेब उलटा करावा. कांदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवा, म्हणजे लागण डिसेंबरच्या सुरुवातीला आणि तरूसाठी बी ऑक्टोबरच्या अखेरीस पडायला हवे. आपल्याकडे सुगी आटोपून मळणी झाली की मग कांद्याची आठवण होते. तेव्हा बी टाकले तर काढणी नेमकी वळवात सापडते. भात शेतात उभे असतानाच परड्याच्या एका कोपऱ्यात तरू घालून ठेवावा.

जागा किती लागेल? दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा पाच माणसांच्या घराला बरेच महिने पुरतो. दोन ओळींत 15 सेंटीमीटर आणि दोन रोपांत 10 सेंटीमीटर अंतर ठेवले तर त्यात सहाशेच्या आसपास रोपे बसतात. काही मरतात, काही बारीक राहतात. तरी 25 ते 30 किलो कांद्याची आशा धरायला हरकत नाही. बी दहा ग्रॅम पुरे, मात्र ते याच वर्षीचे असावे. कांद्याच्या बियाची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्याने उतरते, त्यामुळे गेल्या वर्षीची अर्धी उरलेली पुडी वापरण्यात शहाणपण नाही.

वाणाची निवड इथेच करायची, कारण टिकाऊपणा बऱ्याच अंशी बियातच असतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे भीमा शक्ती आणि भीमा किरण, तसेच एन-2-4-1 आणि अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड हे रब्बीचे, साठवणीला चांगले वाण आहेत. बाजारात तरूच्या जुड्या आयत्या मिळतात, पण त्या कोणत्या वाणाच्या आहेत हे विचारल्याशिवाय घेऊ नका. खरिपाचा गडद लाल कांदा दिसायला देखणा असतो, पण तो साठवणीचा नव्हे.

तरूसाठी गादीवाफा चार ते सहा बोटे उंच करावा, कारण परतीच्या पावसाचा भरवसा नसतो आणि पाणी साचले की रोपे बुडातून कोलमडतात. वाफ्यात कुजलेल्या शेणखतात मिसळून ट्रायकोडर्मा घालावा, बी ओळीत पातळ पेरावे. सहा-सात आठवड्यांत रोप लागणीला येते. पेन्सिलीहून जाड झालेले रोप लावू नये; थंडी लागली की त्याला डेंगळे येतात, आणि डेंगळ्याचा कांदा आतून पोकळ दांड्याचा निघतो, टिकत नाही.

आपली तांबडी माती पाण्याचा निचरा चांगला करते, हे कांद्याच्या फायद्याचे. पण ती लवकर वाळते आणि तिच्यात सेंद्रिय अंश कमी. शंभर चौरस फुटांना दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड लागणीआधी मिसळावी. ताजे शेण घालू नये. रोप उथळ लावावे. खोल गेलेल्या रोपाचा कांदा लांबट होतो. पाणी सात-आठ दिवसांनी, कांदा पोसत असताना त्यात खंड नको. नत्राचे खत मात्र लागणीनंतर दीड महिन्यात संपवावे. फेब्रुवारीत पात हिरवीगार दिसावी म्हणून युरिया टाकायचा मोह होतो, पण त्याने माना जाड होतात. जाड मान नीट मिटत नाही, आणि न मिटलेल्या मानेतूनच बुरशी आत जाते.

कोरड्या हवेत, विशेषतः जानेवारीनंतर, पातीवर रुपेरी चट्टे दिसू लागले तर ते फुलकिडे. वाफ्याच्या कडेने मक्याच्या दोन ओळी आधीच लावाव्यात, निळे चिकट सापळे टांगावेत आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. ढगाळ हवेत जांभळा करपा येतो. पाणी नेहमी बुडाला द्यावे. संध्याकाळी पात भिजवणे टाळावे. रोग आवरेनासा झाला तर रयत संपर्क केंद्रात पात दाखवून मगच औषध घ्यावे.

निम्म्या माना आपोआप पडल्या की कांदा तयार झाला. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडावे. माना पायाने तुडवून पाडण्याची घाई करू नये. खुरप्याने माती सैल करून कांदा पातीसकट उपटावा आणि ओळीत असा मांडावा, की एका ओळीच्या पातीने मागच्या ओळीचे कांदे झाकले जातील. उघडा कांदा उन्हाने भाजतो. तीन-चार दिवस असे राहू द्यावे, पण आभाळ आले की लगेच सोप्यात किंवा पडवीत आणावे. मग एक-दीड इंच मान ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत पातळ पसरावे. साल खुळखुळली, मान बोटांत कोरडी लागली, की साठवण करावी.

खरी कसोटी जून ते सप्टेंबर, कारण तेव्हा फरशीलाही ओल सुटते. कांदा जमिनीवर, पलंगाखाली, बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवूच नये. जाळीच्या पिशव्या आढ्याला टांगाव्यात, किंवा कांदा बांबूच्या बुट्टीत वीतभर थर करून माळ्यावर ठेवावा. कौलारू घरात चूल पेटत असेल तर तिच्या वरचा माळा सर्वांत चांगला. स्लॅबच्या घरात वारा खेळणारी, भिंतीपासून दूर अशी जागा शोधावी. अलिबागकडे भातानंतर घेतलेल्या पांढऱ्या कांद्याच्या पातीच्या वेण्या घालून टांगतात. पाऊस तिथेही भरपूर असतो, त्यामुळे ही पद्धत आपल्याला उचलण्यासारखी आहे. वेणी घालायची असेल तर पात कापायची नाही, इतकेच. आपल्याकडे घरोघरी बटाटे असतात, पण त्यांच्याशेजारी कांदा ठेवू नका. बटाट्याची ओल कांद्याला लागते.

जोडकांदे, जाड मानेचे आणि खुरपे लागलेले कांदे आधी स्वयंपाकाला काढावेत. मध्यम, घट्ट, बारीक मानेचे शेवटी. दर पंधरा दिवसांनी हात फिरवून मऊ आणि काळी बुरशी धरलेले वेचून टाकावेत. कोंब फुटलेला कुंडीत लावा, पात मिळेल.

दिवाळीपर्यंत कोंब न फुटता घट्ट राहिलेले दहा-बारा कांदे खाऊ नका. नोव्हेंबरमध्ये ते वाफ्यापासून दूर लावले की फेब्रुवारी-मार्चमध्ये गोंडे येतात. त्या काळात परड्यातले बाकीचे डेंगळे मोडून टाकावेत, नाहीतर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. गोंड्यात काळे बी दिसू लागले की तो देठासकट कापून सावलीत वाळवावा, आणि बी कोरड्या काचेच्या बाटलीत भरून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पेरावे.