श्रवणयंत्र आणि सभागृहातील तारेचे वेटोळे

वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेल्या जुन्या तुकड्यांतील अनेक जण आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या कानामागे आता श्रवणयंत्र दिसते. व्याख्यान संपल्यावर त्यांना विचारले, तर ‘आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते,’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर शास्त्रदृष्ट्या अगदी अचूक आहे, आणि त्याचा विचार सभा भरविणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

उतारवयात कान प्रथम उच्च वारंवारितेचे ध्वनी गमावतो. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर ऐकू येत राहतात. ‘स’, ‘फ’, ‘त’ यांसारखी व्यंजने निसटतात. मग ‘सात’ की ‘हात’, हे संदर्भावरून ताडावे लागते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते हे खरे. पण समोरच्या वक्त्याचा आवाज, डोक्यावरच्या पंख्याची घरघर आणि शेजारची कुजबुज, सारेच ते वाढविते. त्यात अंतराची भर पडते. अंतर दुप्पट झाले की वक्त्याकडून थेट येणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौथाई होते. सिमेंटच्या भिंतींवर आणि स्लॅबवर आदळून परतणारा ध्वनी मात्र मागच्या रांगेतही जवळपास तितकाच राहतो. कर्ण्याचा आवाज वाढविला की प्रतिध्वनीही वाढतो. आमच्याकडील सभांतून आवाज वाढविणे हाच सर्व रोगांवरचा उपाय समजला जातो, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

या अडचणीवरचा उपाय जुना आहे. 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून दाखवून दिले की, एका वेटोळ्यातील विद्युतधारा बदलली की दुसऱ्यात, प्रत्यक्ष जोड नसतानाही, धारा उत्पन्न होते. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असता, बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचून विज्ञानाकडे वळला होता. त्याच्या या शोधाला आपली दहावीची मुले विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणून ओळखतात. पुढे 106 वर्षांनी, 1937 मध्ये, रशियातून इंग्लंडला येऊन स्थायिक झालेल्या जोसेफ पोलियाकॉफ यांनी याच तत्त्वावर बहिऱ्या श्रोत्यांसाठी तारेच्या वेटोळ्याचे पेटंट घेतले. ‘इंडक्शन लूप’ म्हणतात ती व्यवस्था हीच.

तिची रचना अशी. वक्त्याचा माइक एका विशेष अ‍ॅम्प्लिफायरला जोडतात, आणि त्यातून निघालेली तार सभागृहाच्या कडेने, बहुधा जमिनीलगत, फिरवून परत आणतात. आवाजाच्या चढउताराप्रमाणे तारेतील धारा बदलते, आणि तिच्याबरोबर आतील जागेतले चुंबकीय क्षेत्रही. अनेक श्रवणयंत्रांत ‘टी-कॉइल’ नावाचे इवलेसे वेटोळे असते. टेलिफोनच्या रिसीव्हरमधून बाहेर झिरपणारे चुंबकीय क्षेत्र टिपण्यासाठी ते प्रथम वापरात आले; ‘टी’ हे अक्षर टेलिफोनचेच. श्रवणयंत्र ‘टी’वर ठेवले की त्याचा स्वतःचा माइक बंद होतो आणि वक्त्याच्या माइकमधील बोल तेवढे कानात उतरतात. पंखे, कुजबुज, प्रतिध्वनी बाहेर राहतात. शेवटच्या रांगेतील माणूस जणू व्यासपीठापाशी येऊन बसतो. ज्याला माइक आणि खोली दोन्ही हवीत, त्याच्यासाठी काही यंत्रांत दोहोंची मिश्र सोयही असते.

ब्रिटनमध्ये चर्च, नाट्यगृहे, रेल्वेच्या तिकीटखिडक्या, इतकेच काय, लंडनच्या काळ्या टॅक्सींतही ही सोय आढळते. कानाचे चित्र आणि शेजारी ‘टी’ हे अक्षर, अशी तिची निळी पाटी असते. आम्हांस या व्यवस्थेचा विशेष भावलेला गुण तांत्रिक नाही. इतर पद्धतींत दाराशी जाऊन निराळे उपकरण मागावे लागते, ते गळ्यात अडकवावे लागते, आपले बहिरेपण चारचौघांत जाहीर करावे लागते. इथे माणूस आपल्या खुर्चीवर बसतो, स्वतःच्या यंत्राचे बटण दाबतो आणि ऐकतो. ब्लूटूथवर आधारलेले नवे पर्याय आता येत आहेत. पण ज्याच्यापाशी जुने, साधे यंत्र आहे, त्याला त्यांचा लाभ नाही.

तार टाकली की काम झाले, असे मात्र नाही. कर्ण्याच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला वायर जोडून केलेला खटाटोप बहुधा फसतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार आवाजाच्या उच्च बिंदूला चुंबकीय क्षेत्र मीटरला 400 मिलिअँपिअरच्या आसपास असावे लागते, आणि ते मापकयंत्राने जागोजाग तपासावे लागते. स्लॅबमधील लोखंडी सळ्या क्षेत्र क्षीण करतात. इमारतीच्या वायरिंगमध्ये दोष असेल, तर 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण थेट कानात येते. म्हणून मोजणी तार टाकण्यापूर्वीच करावी. तारेच्या अगदी वर खुर्ची मांडू नये, तेथे आवाज जवळजवळ लोपतो. मान फार खाली घातली तरी तो मंदावतो. शिवाय हे क्षेत्र भिंत मानीत नाही. शेजारच्या वा वरच्या खोलीत ‘टी’वर यंत्र ठेवून बसलेल्या माणसाला आतले बोलणे ऐकू जाऊ शकते; खाजगी बैठकीच्या जागी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 आहे. सार्वजनिक इमारतींसंबंधी केंद्र शासनाच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांत श्रवणसाहाय्याचाही विचार आहे. प्रत्यक्षात उद्घाटनाच्या छायाचित्रात उतरण दिसते, म्हणून उतरण बांधली जाते. तारेचे वेटोळे छायाचित्रात दिसत नाही.

श्रवणयंत्र घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आणि त्यांच्या मुलांनी दुकानात एक प्रश्न अवश्य विचारावा : यात टी-कॉइल आहे काय? कानाच्या आत लपणाऱ्या लहान यंत्रांत जागेअभावी ते बहुधा नसते, आणि ग्राहक लहान यंत्र मागतो म्हणून विक्रेताही तो विषय काढीत नाही. असले तरी ते तज्ज्ञाकडून सुरू करून घ्यावे लागते. अशी माणसे घरी दूरदर्शन संचासाठी लहानसे वेटोळे वापरू शकतात. सबंध घराला मोठा आवाज सोसावा लागत नाही.

आता व्यासपीठावरील मंडळींसाठी. ‘माझा आवाज खणखणीत आहे, मला माइक लागत नाही,’ असे म्हणून माइक बाजूला सारणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. माइकमध्ये जे गेले नाही ते तारेत जात नाही, आणि ‘टी’वर बसलेल्या श्रोत्याला ते मुळीच ऐकू येत नाही. श्रोत्यांतून विचारलेल्या प्रश्नाचेही तसेच. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती आधी माइक द्यावा, आणि तेवढा वेळ नसेल तर वक्त्याने तो प्रश्न स्वतः माइकवरून पुन्हा उच्चारून मगच उत्तर द्यावे.