आधी कीबोर्डवाल्याला विचारा

बेस गिटार घ्यायला निघालेला पोट्टा माझ्याकडे आला, की कंपनी कोणती घेऊ आणि चार तारांचा घेऊ की पाच, हे विचारतो. मी त्याला उलट विचारतो, तुमच्या पार्टीत कीबोर्डवर कोण आहे आणि त्याचा डावा हात काय करतो? बहुतेक वेळा हे त्याने पाहिलेलंच नसतं.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगु आणि आजूबाजूच्या गावांत ऑर्केस्ट्रा म्हणजे एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलकी, जमलं तर गिटार आणि दोन-तीन गायक. कामं गणपतीची, दुर्गादेवीची, 14 एप्रिलची आणि लग्नाच्या रिसेप्शनची. एकाच रात्रीत भीमगीतं, तेलुगू सिनेमातली गाणी आणि जुनी हिंदी वाजवावी लागतात. पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याकडे गेलं की तेलुगू कमी होतं आणि लावणी वाढते, एवढाच फरक. या सगळ्यात बेस गिटारवाला सर्वांत शेवटी येतो. पैसे वाटताना तर हमखास शेवटी, कारण "हा नसला तरी चालतं" असं आयोजकाला वाटतं. आणि खरं सांगायचं तर चालतंही, कारण कीबोर्डच्या स्टाइलमध्ये बेस आधीच भरलेला असतो.

गोम इथेच आहे. कीबोर्डवाला डाव्या हाताने कॉर्ड धरतो आणि यंत्र ताल, कॉर्ड, बेस असं सगळं स्वतः वाजवतं. तुम्ही बेस गिटार घेऊन बाजूला उभे राहिलात, की मंडपात दोन बेस होतात. यंत्र षड्जावर असतं तेव्हा तुम्ही पंचमावर, यंत्र ठोक्यावर असतं तेव्हा तुम्ही केसभर मागे. खालच्या पट्टीतले दोन सूर जवळ आले की वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती गुरगुर होते. श्रोता म्हणतो आवाज फुटतोय, साऊंडवाला मिक्सरवरचं लो खाली ओढतो आणि दोन्ही बेस जातात. मग पोट्टा घरी जाऊन ठरवतो की आपली गिटार हलकी आहे, आता महागाची घ्यावी.

गिटार हलकी नसते. कीबोर्डवाल्याला विनंती करा, स्टाइलमधला बेसचा पार्ट बंद कर म्हणावं. बहुतेक अशा कीबोर्डवर प्रत्येक पार्ट वेगळा बंद करता येतो आणि तसा साठवूनही ठेवता येतो. हे सरावाच्या वेळी करून घ्या, स्टेजवर कुणी ऐकत नाही. तो तयार नसेल, तर त्या पार्टीसाठी गिटार विकत घेऊ नका. लाखाची आणली तरी ती ऐकू येणार नाही.

बेसवाल्याच्या जागी यंत्र बसवायचा खटाटोप जुनाच आहे. रोलँड कंपनीने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-303 नावाची छोटी पेटी काढली ती एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. साथीसाठी ती फारशी कुणाला आवडली नाही आणि थोड्या वर्षांत बंदही पडली. पण मुंबईच्या फिल्म स्टुडिओत बेस वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हीच पेटी घेऊन 1982 मध्ये दहा रागांची डिस्को ठेक्यावरची रेकॉर्ड केली, आणि आज जगभरातले इलेक्ट्रॉनिक संगीतवाले ती शोधून ऐकतात. म्हणजे ज्याची जागा घ्यायला यंत्र आलं, त्यानेच त्याला कामाला लावलं. असो.

कीबोर्डचा अजून एक सापळा म्हणजे ट्रान्सपोजचं बटण. नवा बेसवाला सूर शोधायला कीबोर्डवाल्याच्या बोटांकडे बघतो. बोटं दिसतात पांढऱ्या एकवर, वाजत असते काळी एक, कारण बटण दाबून त्याने सगळं अर्धा सूर वर नेलेलं असतं. बोटं बघू नका, गायकाची पट्टी विचारा.

पट्टीचं दुखणं बेसवाल्याला जास्तच. गिटारच्या चार मोकळ्या तारा म्हणजे पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. आपले बरेच गायक काळी एक, काळी दोन, काळी चार या पट्ट्यांत गातात. काळी एकमध्ये षड्ज-पंचमाला एकही मोकळी तार कामाला येत नाही. रात्रभर प्रत्येक सूर बोटाने दाबायचा, त्यात ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, जास्त असेल तर पहाटेपर्यंत हात कामातून जातो. मी सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून ठेवतो. मग मोकळ्या तारा होतात काळी दोन, काळी चार, काळी एक आणि काळी तीन. गायकाचा षड्ज मोकळ्या तारेवर आला की आवाजाला जे वजन येतं, ते कुठल्याही पेडलने येत नाही. तारा थोड्या सैल होतात, म्हणून नेहमीच्या 45 ते 105 जाडीऐवजी जरा जाड सेट लावायचा.

आता गिटारविषयी. आमच्याकडे वाजवायची असेल तर चार तारांची, बॅटरी नसलेली, प्रिसिजन पद्धतीच्या पिकअपची घ्या. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस 1951 मध्ये आणला आणि 1957 मध्ये त्याचा पिकअप दोन तुकड्यांत केला. त्या दोन तुकड्यांची वेटोळी अशी जोडलेली असतात की बाहेरून येणारी विजेची घरघर आपोआप कटते. जॅझ बेस 1960चा. त्याचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले तर घरघर कटते, एकच ठेवला की सुरू. मंडपात दिव्यांच्या माळा, डिमर, एलईडीची भिंत, सगळं एकाच वायरवर असतं. आपल्या विजेची घरघर 50 हर्ट्‌झची, म्हणजे जवळजवळ अगदी खालच्या पांढऱ्या पाचवर. गाणं त्या पट्टीच्या आसपास असलं तर ती सुरासारखी लागते आणि चारशे लोकांना वाटतं तुम्हीच बेसूर आहात.

बॅटरीवाली ॲक्टिव्ह गिटार दुकानात छानच वाजते. पण वायर खोचलेली राहिली की आतली 9 व्होल्टची बॅटरी हळूहळू उतरत राहते, आणि ती मान टाकते नेमकी मध्यरात्री, जेव्हा गावात एकही दुकान उघडं नसतं. पाचवी तार हा तर शुद्ध मोह. तिचा मोकळा सूर 31 हर्ट्‌झच्या जवळ. मंडपाच्या कॉलममधून तो बाहेरच पडत नाही, स्पीकरचा पडदा नुसता हलतो.

हे समजलं की टोनचं निम्मं कोडं सुटतं. चौथी तार मोकळी वाजवली तर सूर 41 हर्ट्‌झचा, त्याची एक लाट सव्वाआठ मीटर लांब. उघड्या मैदानात भिंती नसतात, त्यामुळे खालचा आवाज परत येत नाही, पसरून जातो. श्रोत्याला बेस ओळखू येतो तो वरच्या अंशस्वरांवरून, 200 ते 1000 हर्ट्‌झमधल्या भागावरून. दिवाळीला गोंड गावांत दंडारी नाचायला निघते तेव्हा तुडुम या वाद्याचा आवाज शेतं ओलांडून येतो, त्यात घुमण्याआधी काडीचा ठोका कानावर पडतो. बेसचंही असंच. आणि पोट्टे काय करतात, तर मधला भाग पूर्ण खाली ओढून लो आणि ट्रेबल वर चढवतात. खोलीत एकट्याने वाजवताना हे भारी वाटतं, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमीच ऐकू येतात आणि ते वाढवावेसे वाटतात. तीच सेटिंग मंडपात मोठ्याने वाजली की चिखल होतो. ॲम्पवरचे सगळे नॉब मध्यावर ठेवा. मग मिक्सरवर 40 हर्ट्‌झच्या खालचं कापा, 250च्या आसपासचं किंचित कमी करा, 700 ते 800 थोडं वाढवा. 60च्या आसपासची जागा ऑक्टोपॅडच्या किकला सोडा. एकट्याने ऐकलं तर आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल. वाटू द्या.

तारांवर पैसे खर्च करायला कुणी तयार नसतं, कारण बेसचा सेट साध्या गिटारच्या सेटपेक्षा कितीतरी महाग. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत वाजवणारा जेम्स जेमरसन तारा जवळजवळ कधी बदलतच नसे, आणि बहुतेक सगळं उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवी. हे ऐकून पोट्टे खूश होतात. पण त्याच्या तारा सपाट गुंडाळीच्या होत्या, त्या मुरल्या की बऱ्या लागतात. आपल्या नेहमीच्या गोल गुंडाळीच्या तारांत घाम आणि मळ बसला की त्या मरतात. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या फडक्याने पुसा. उकळत्या पाण्यात घालून जिवंत करायची युक्ती सगळीकडे सांगतात, ती एखाददुसऱ्या कार्यक्रमापुरती चालते. सपाट तारा भीमगीतांना आणि जुन्या हिंदीला फार शोभतात, ढोलकीच्या डाव्या तोंडाशी त्यांचा आवाज मिळून जातो. संगीतकार इळयराजांच्या गाण्यांना मात्र गोल तारा बऱ्या. त्यांच्या तेलुगू ‘गीतांजली’ (1989) सिनेमातली गाणी हेडफोन लावून ऐका. बेस तिथे नुसता आधार देत नाही, गाण्याच्या खालून दुसरी चाल चालत असतो. नुसता षड्ज-पंचम घेऊन तिथे भागत नाही, आणि ती गाणी तोंडपाठ असलेला श्रोता आमच्याकडे दर मंडपात असतो.

आदिलाबादचं हवामान लाकडाला सोसत नाही. उन्हाळ्यात पारा 44-45 वर, हिवाळ्यात तेलंगणातली सर्वांत कडक थंडी बहुधा आमच्याच जिल्ह्यात, मध्ये पावसाळ्याची ओल. मान वाकते, सुकली की फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटं कापतात. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून मधल्या फ्रेटवर तार किती वर आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त-कमी असेल तर मानेतली सळई ॲलन चावीने पाव फेरा फिरवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. सळई घट्ट लागली तर थांबा, जोर करू नका. मे महिन्यात गिटार जीपच्या टपावर बांधू नका, हे सांगावं लागतं हेच नवल. खरेदीला नागपूर किंवा हैदराबाद गाठायचं तर कृष्णा एक्सप्रेस असो की हायवेची बस, गिटार स्वतःजवळ ठेवा, डिकीत देऊ नका.

ॲम्पवर मोठा खर्च सुरुवातीला नकोच. सरावाला 12 इंची स्पीकरचा बेस कॉम्बो पुरे. साध्या गिटारच्या ॲम्पमध्ये बेस खोचला तर स्पीकर फाटू शकतो. स्टेजसाठी एक चांगला डीआय बॉक्स घ्या. तो गिटारचा सिग्नल मिक्सरला योग्य रीतीने पोचवतो, आणि त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचा छोटा खटका असतो. घरघर आली की तो खटका वापरायचा. प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण आमच्याकडे सर्रास तीच काढतात. सॉकेटमध्ये दोन उघड्या वायरी काडीने घट्ट केलेल्या आणि तिसरी वायर हवेत, हे मी दर हंगामात बघतो. त्यात घडतं असं. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. माईकची जाळी मिक्सरच्या पत्र्याला जोडलेली असते. ॲम्प एका वायरीवर, मिक्सर जनरेटरवर, आणि दोघांपैकी एकाला अर्थिंग नाही. तुमची बोटं तारांवर आहेत आणि कोरस द्यायला तुम्ही ओठ माईकला लावता. वीज हातातून शिरते, छातीतून जाते, तोंडातून बाहेर पडते. मला एका गणपतीच्या मंडपात असा झटका बसला, पाऊस पडून गेलेला, पायाखाली ओली ताडपत्री. दात एकमेकांवर आपटले आणि गिटार पट्ट्यावर लोंबकळली. साऊंडवाला म्हणाला, "अन्ना, जरासा करंट येतोच हो." स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून मरण पावला. जरासाच करंट यावा असं काही त्याच्या नशिबात नव्हतं, आणि आपल्या नशिबात दर वेळी असेलच असंही नाही.

म्हणून खिशात टेस्टर ठेवा. गिटार गळ्यात घालण्याआधी माईकच्या जाळीला टेस्टर लावा, मग ॲम्पच्या पत्र्याला. दिवा लागला, तर गिटार पेटीतच राहू द्या, आयोजक कितीही घाई करो. जनरेटरला जमिनीत सळई ठोकायला लावा. स्टेजच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून मागा. साधी एमसीबी माणसाला झटका बसला म्हणून पडत नाही, वायर जळू नये एवढंच काम तिचं. माईकवर स्पंजची टोपी घाला. आणि गिटारनंतर हातात पैसे उरले असतील, तर पेडलच्या आधी साधी वायरलेस जोडी घ्या. गिटार आणि ॲम्प यांच्यात वायरच राहिली नाही, की तारांतून वीज वाहून जायचा रस्ता तुटतो. तिची बॅटरी कार्यक्रमाआधी दुपारी चार्ज करायची, आणि ती दगा देईल म्हणून चांगल्या बनावटीची एक केबल पेटीत ठेवायची. त्या केबलवर मात्र टेस्टरशिवाय वाजवायचं नाही.