व्यापारी इंग्रजीसाठी परदेशी जावे काय?

'व्यापारी इंग्रजी शिकण्यासाठी मुलाला तीन महिने लंडनला पाठवू काय?' असा प्रश्न आपले अनेक व्यापारी बांधव विचारतात. फी, तिकीट, राहणे, खाणे धरून खर्च लाखांत जातो. म्हणून होकार देण्यापूर्वी हिशेब मांडलेला बरा.

परकी भाषा शिकणे आपल्याला नवे नाही. पत्रव्यवहार इतरांच्या भरवशावर राहू नये म्हणून आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले व त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली. उद्देश नेमका होता : आलेले पत्र वाचणे आणि उत्तर लिहिणे. आपणही प्रथम उद्देश नेमका करावा.

१) इंग्रजी कोणत्या कामासाठी हवी? मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तेथील एका कारागिराकडे जर्मनीहून मागणी आली. एफ.ओ.बी. भाव म्हणजे माल आपल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला. सी.आय.एफ. भावात पुढच्या बंदरापर्यंतचे जहाजभाडे व विमाही आपल्याच माथी. हिशेब पहिल्याचा करून कागदावर दुसरा शब्द लिहिला, तर नफा तेथेच बुडाला. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये तर बँक माल पाहत नाही, कागद पाहते. कागदातील चूक पैसे अडवते. हे शब्द शिकण्यासाठी विमानात बसावे लागत नाही. निर्यातीचे काम करणारा जाणकार किंवा बँकेचा अधिकारी ते येथेच समजावून देईल.

२) आज आपली तयारी किती? भाषेच्या युरोपीय मोजपट्टीत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. एक पायरी चढण्यास साधारणतः दीडशे ते दोनशे तासांचे शिक्षण लागते. आठवड्याला १५ तासांचा वर्ग धरला तर चार आठवड्यांत ६० तास आणि बारा आठवड्यांत १८० तास होतात. म्हणजे कोऱ्या पाटीने गेलेला तीन महिन्यांनी जेमतेम एक पायरी चढून परत येईल. ज्याला वाचता-लिहिता येते, पण ग्राहकासमोर जीभ अडखळते, त्याला मात्र परदेशातील वातावरणाचा खरा लाभ होतो.

३) व्हिसा काय सांगतो? ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येते. सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी वर्गासाठी वेगळा व्हिसा आहे. दोन्हींवर नोकरी करण्यास मनाई आहे. 'तेथे काम करून खर्च निघेल' असे कोणी सांगत असेल, तर तो फसवत आहे असे समजावे. संस्थेची मान्यता स्वतः तपासावी आणि व्हिसा नाकारला गेल्यास फी परत मिळण्याची अट लेखी घ्यावी.

४) पैसा कोठून येणार? व्याजी कर्ज काढून किंवा धंद्याचे खेळते भांडवल उपसून जाणे शहाणपणाचे नाही. मालक तीन महिने दुकानात नसल्याने होणारे नुकसानही खर्चातच धरावे.

आमची सूचना अशी : गेल्या वर्षभरातील इंग्रजी पत्रे, बिले, करार एका फाइलीत लावा. शिक्षकाच्या मदतीने रोज एक तास ती वाचा व उत्तरे स्वतः लिहा. तीन महिन्यांत ९० तास होतील. त्यानंतरही केवळ बोलण्यापाशी घोडे अडत असेल, बोलणी करण्यासारखे परदेशी ग्राहक खरोखर असतील आणि पैसा गाठीशी असेल, तर जाणकारांशी मशवरा करून, इस्तिखारा करून खुशाल जावे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर तूर्त तीच रक्कम चांगल्या मालात व हत्यारांत घालावी.