चाळीस डिग्री म्हणजे किती?

मागच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी फ्रान्समधली २००३ सालची उष्णतेची लाट हा विषय घेतला होता. मेसमध्ये जेवताना सहज बोलले, की पॅरिसमध्ये पारा ३९.५ डिग्रीपर्यंत गेला आणि हजारो माणसं दगावली. माझी रूममेट नागपूरची. ती हसायलाच लागली. "अगं, एवढं तर आमच्याकडे मार्च संपतानाच होतं! त्यात काय मरतं कोणी?"

खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. पण जसजशी वाचत गेले तसतसं लक्षात आलं, की तिच्या प्रश्नाचं उत्तर आपण सेकंड इयरला शिकलेल्या हीट ट्रान्सफरमध्येच आहे. फक्त ते पेपरात विचारत नाहीत.

काय घडलं?

२००३ चा वसंत युरोपात कोरडा गेला होता. जमिनीत ओल नव्हती. ओल असली की सूर्याची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओल नसली की तीच उष्णता सरळ हवा तापवते. त्यात ऑगस्टच्या सुरुवातीला जास्त दाबाचा पट्टा युरोपवर येऊन ठाण मांडून बसला. ढग नाहीत, वारा नाही. ४ ते १२ ऑगस्ट असे सलग नऊ दिवस पॅरिसचं कमाल तापमान ३५ च्या वर राहिलं. एरवी तिथे ऑगस्टमध्ये ते २५ च्या आसपास असतं. १२ तारखेला दक्षिणेतल्या गार जिल्ह्यात ४४.१ डिग्रीची नोंद झाली. देशाचा हा विक्रम पुढे १६ वर्षं टिकला. २०१९ च्या जूनमध्ये ४६.० डिग्रीने तो मोडला.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो दिवसाचा आकडा नाही, रात्रीचा. ११ आणि १२ ऑगस्टला पॅरिसचं किमान तापमान २५.५ च्या खाली उतरलंच नाही. म्हणजे पहाटेसुद्धा गारवा नाही. १ ते २० ऑगस्ट या वीस दिवसांत फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा १४,८०० च्या आसपास जास्त मृत्यू झाले. त्यातले साधारण ऐंशी टक्के पंचाहत्तरीच्या पुढचे होते.

शरीर नावाचं मशीन

आपण नुसते बसलो असलो तरी शरीर सुमारे १०० वॉट उष्णता तयार करतं, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बएवढी. ही उष्णता बाहेर टाकावीच लागते. कातडीचं तापमान साधारण ३५ डिग्री धरा. हवा २५ ची असेल तर कन्व्हेक्शन आणि रेडिएशनने काम भागतं. हवाच ३५ च्या वर गेली की हे दोन्ही दरवाजे बंद होतात, उलट बाहेरची उष्णता आत यायला लागते. उरतो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातो. हिशेब केला तर नुसतं बसून राहायलाही तासाला दीडशे मिलिलिटर घाम लागतो. तो सगळा वाळलाही पाहिजे आणि तेवढं पाणी परत पोटातही गेलं पाहिजे.

म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही नीट कळत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. हृदयाला जास्त रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, म्हणून त्याच्यावर ताण येतो. तरण्या शरीराला रात्री विसावा मिळाला तर ते सावरतं. रात्रही तापलेली असेल तर आजचा ताण उद्याच्या खात्यात जमा होतो. नऊ दिवसांचं हे कर्ज म्हाताऱ्या शरीरांना फेडता आलं नाही.

घर थंडीचं, हवा उन्हाळ्याची

पॅरिसमधल्या जुन्या इमारती दगडी आणि सहा-सात मजल्यांच्या आहेत. वर जस्ताच्या पत्र्याचं उतरतं छप्पर. त्या छपराखाली पूर्वी नोकरांसाठी बांधलेल्या छोट्या खोल्या आहेत. त्यांत आता विद्यार्थी, गरीब माणसं आणि एकटे म्हातारे राहतात. एसी त्या वेळी घराघरांत जवळजवळ नव्हताच, पंखेसुद्धा दुकानांतून संपले. पत्रा दिवसभर तापायचा, दगडी भिंती उष्णता साठवायच्या आणि रात्रभर ती आत सोडत राहायच्या. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की थेट छपराखाली राहणाऱ्यांना आणि इन्सुलेशन नसलेल्या घरांत राहणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त होता.

नागपूरच्या घरात जाड पडदे असतात, कूलर असतो, पन्हं असतं, दुपारी बाहेर न पडायची सवय असते. पॅरिसमध्ये यातलं काहीच नव्हतं. म्हणून चाळीस डिग्री म्हणजे किती, हे थर्मामीटर एकटा सांगू शकत नाही. घर कशासाठी बांधलंय आणि माणूस कशाला सरावलाय, तेही मोजावं लागतं.

विजेचा पेच

फ्रान्सची तीन चतुर्थांशाहून जास्त वीज तेव्हा अणुभट्ट्यांतून येत होती. १३०० मेगावॉटची एक भट्टी घ्या. तिच्यातली साधारण एक तृतीयांश उष्णता विजेत जाते. उरलेली, म्हणजे २५०० मेगावॉटच्या आसपास, कुठेतरी टाकावी लागते. कूलिंग टॉवर नसेल आणि नदीचं पाणी १० डिग्रीने तापू द्यायचं ठरवलं, तर सेकंदाला सुमारे ६० घनमीटर पाणी लागतं. नद्या आटल्या होत्या आणि होतं ते पाणीही कोमट. मासे मरू नयेत म्हणून किती गरम पाणी सोडायचं याची कायद्याने मर्यादा होती. सरकारला काही केंद्रांसाठी ती तात्पुरती सैल करावी लागली. फेसेनाईमच्या केंद्रात तर भट्टीच्या इमारतीवर बाहेरून पाणी फवारून पाहिलं गेलं. विजेची गरज असते नेमकी तेव्हाच केंद्राची ताकद कमी होते, हा पेच मला कुठल्याही पुस्तकातल्या प्रॉब्लेमपेक्षा मोठा वाटला.

देश सुट्टीवर

ऑगस्ट म्हणजे फ्रान्सचा सुट्टीचा महिना. मुलं-सुना समुद्रावर, बरेच डॉक्टर रजेवर, हॉस्पिटलांतल्या काही खाटा बंद. राष्ट्राध्यक्ष शिराक कॅनडात होते. १० ऑगस्टला पात्रिक पेलू या इमर्जन्सीच्या डॉक्टरने टीव्हीवर सांगितलं, की माणसं मरतायत. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री मातेई सुट्टीच्या घरातून, टी-शर्टमध्ये टीव्हीवर आले आणि परिस्थिती हाताबाहेर नाही असं म्हणाले. एका आठवड्यात आरोग्य खात्याच्या महासंचालकांनी राजीनामा दिला.

उष्णता येणार हे हवामान खात्याला कळलं होतं. पण तेवढ्या उष्णतेने किती माणसं दगावतील हे रोजच्या रोज मोजणारं कोणी नव्हतं. मृत्यूचे दाखले कागदावर जायचे, बेरीज उशिरा व्हायची. सेन्सर होता, अलार्म जोडलेला नव्हता.

पॅरिसची शवागारं भरली तेव्हा रंजिसच्या भाजी-फळांच्या मोठ्या बाजारातलं शीतगृह त्यासाठी वापरावं लागलं. ३ सप्टेंबरला तिए इथल्या दफनभूमीत ५७ जणांना पुरलं. त्यांचा ताबा घ्यायला कोणीही आलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष स्वतः हजर होते. हे वाचल्यावर मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसले होते.

मग काय बदललं?

२००४ मध्ये फ्रान्सने उष्णतेची योजना आखली. इशारा आता एका दिवसाच्या उन्हावर दिला जात नाही. तीन दिवसांच्या कमाल आणि किमान तापमानांची सरासरी बघतात, आणि मर्यादा प्रत्येक जिल्ह्याची वेगळी. पॅरिसची दिवसा ३१ आणि रात्री २१! नगरपालिका एकट्या म्हाताऱ्यांची नावं नोंदवून ठेवतात आणि लाट आली की त्यांना फोन करतात. वृद्धाश्रमांत एक तरी थंड खोली ठेवतात. २००६ च्या जुलैत मोठी लाट आली तेव्हा सुमारे २,००० जास्त मृत्यू झाले. जुन्या हिशेबाने ते ६,००० च्या वर अपेक्षित होते. आपल्याकडे अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेनंतर, २०१३ मध्ये अशीच योजना सुरू केली.

म्हणजे चार हजारांहून जास्त माणसं वाचली, आणि त्यासाठी कुठलं नवीन मशीन लागलं नाही. एक आकडा ठरवला, एक यादी केली आणि फोन लावले.

सेमिनारला रूममेट शेवटच्या बाकावर बसली होती. रात्री खोलीत तिने विचारलं, "छपराखालची खोली म्हणजे आपल्या स्लॅबखालच्या फ्लॅटसारखीच ना गं?" तिची आजी नागपूरला एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. कूलर आहे, पण त्यात पाणी भरायला आजीला बादली उचलवत नाही, हे ती पहिल्यांदाच बोलली. मग तिने खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावला. आता दुपारी आजी त्यांच्याकडे जाऊन पडते, आणि काकूंचा मुलगा रोज संध्याकाळी कूलर भरतो.

मित्रमैत्रिणींनो, सेमिनारला मला दहापैकी सात मार्क मिळाले. तुमच्या घरीही वरच्या मजल्यावर कोणी एकटं असेल, तर या उन्हाळ्यात दिवसातून एकदा त्यांना फोन करा. आणि "रात्री झोप लागली का?" हे नक्की विचारा.