मॉरिशसला येणाऱ्या मोर्शीकरांसाठी

मोर्शी, वरुड, चांदूर बाजार या पट्ट्यातून मॉरिशसला येणारे फार नाहीत. पण जो येतो तो पहिल्या आठवड्यात तेच दहा प्रश्न विचारतो. म्हणून इथे स्थिरावलेल्या चार घरांना म्हटले, जमेल तसे लिहून द्या. एकाने तासाभरात दिले, एकीने दोन महिने लावले. दोघांनी फोनवरच सांगितले, त्यातले मला आठवले तेवढे आले आहे. आकडे तेवढे तपासले, बाकी मते ज्याची त्याची.

आधी बेट समजून घ्या

मुख्य बेट सुमारे 1,865 चौरस किलोमीटर. अमरावती जिल्ह्यात असली सहा बेटे मावतील. लांबी जेमतेम 65 किलोमीटर, त्यामुळे मोर्शीहून अमरावतीला जायची सवय असलेल्या माणसाला इथे काहीच लांब नाही. तरी इथले लोक ग्रां बेहून माएबूरला जायचे म्हटले की डबा बांधतात. बेट ज्वालामुखीतून झालेले, मधे पठार, कडेने समुद्र, उरलेल्या जागेत ऊस. सर्वांत उंच शिखर 828 मीटर. भोवती प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतले पाणी बहुतेक ठिकाणी तळ्यासारखे शांत असते. सिंभोऱ्याचे धरण हाच आपला समुद्र, त्यामुळे पोहता येत नसेल तर भिंतीच्या आतच राहा आणि पायात रबरी बूट घाला. प्रवाळाने तळवा कापला की लवकर भरत नाही.

ऋतू उलटे. मे महिन्यात मोर्शीहून भाजून निघालात तर इथे हिवाळा सुरू होत असतो. मधल्या पठारावर क्यूरपिपला घर घेतले तर स्वेटर आणि छत्री दोन्ही दाराशीच ठेवा. घड्याळ भारताच्या दीड तास मागे.

डच लोक 1598 साली आले, राजपुत्र मॉरिसचे नाव देऊन गेले. ऊस आणला, हरणे आणली, डोडो पक्षी संपवला आणि 1710 मध्ये स्वतःच निघून गेले. मग फ्रेंच. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण फ्रेंचांची भाषा आणि कायदे चालू ठेवायचे कबूल केले. नव्या माणसाचा सगळा गोंधळ या एका कलमातून होतो: फॉर्म इंग्रजीत, साहेब फ्रेंचमध्ये, शेजारी क्रिओलमध्ये. स्वातंत्र्य 12 मार्च 1968 चे. गांधीजींची दांडीयात्रा ज्या दिवशी निघाली तो दिवस मुद्दाम निवडलेला.

कागदपत्रे (एबेनला संगणकाच्या कंपनीत असलेल्या गृहस्थांकडून)

नुसते फिरायला येणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत. नोकरीसाठी ऑक्युपेशन परमिट. अर्ज ऑनलाइन, काम आर्थिक विकास मंडळाकडे. पगाराची अट बदलत राहते, म्हणून मागच्या वर्षी आलेल्या मित्राला विचारू नका, मंडळाचा आजचा नियम वाचा. वैद्यकीय तपासणी लागते, छातीचा एक्स-रे धरून. पोलिसांचा दाखला भारतातूनच आणा. पदवी, विवाह आणि जन्म या तिन्ही प्रमाणपत्रांवर परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का, म्हणजे अपोस्टील करून घ्या. मराठीतले प्रमाणपत्र असेल तर इंग्रजी भाषांतरही. प्रत्येकाच्या चार प्रती.

प्लग तीन चौकोनी पायांचा, ब्रिटिश पद्धतीचा. गाडी डाव्या बाजूने. रुग्णवाहिकेसाठी 114. मेट्रो पोर्ट लुई ते क्यूरपिप. गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात. फेब्रुवारी 2024 पासून यूपीआय इथे सुरू झाले आहे, तरी खिशात थोडी रोकड असू द्या. इति.

(त्यांनी खरेच "इति" लिहून पाठवले.)

माझे सहा आठवडे (काट्र बोर्नच्या एका वहिनींकडून)

वरच्या भाऊजींनी "अपोस्टील करून घ्या" असे तीन शब्दांत लिहिले. मी ते सहा आठवड्यांत शिकले. माझ्या विवाह प्रमाणपत्रावर नावात एक 'ए', पासपोर्टवर दोन. मोर्शीत कोणाला त्याचे काही नव्हते. इथल्या एका कार्यालयात खिडकीमागच्या बाईने दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेन्सिलीने त्या 'ए'भोवती गोल केला आणि म्हणाली, "दिमें." मला वाटले, काम झाले. चार दिवस वाट पाहिली. मग शेजारणीने सांगितले, दिमें म्हणजे उद्या.

उद्या गेले तर प्रतिज्ञापत्र आणा. प्रतिज्ञापत्र आणले तर नवऱ्याचे मधले नाव हे वडिलांचे कसे काय? आता यांना काय सांगू, आमच्याकडे सगळ्यांचेच असते! दरम्यान बँक म्हणे पत्त्याचा पुरावा म्हणून वीज किंवा पाण्याचे बिल द्या. बिल घरमालकाच्या नावावर. घरमालक म्हणे आधी बँकेतून भाडे वळते करा, मग पत्र देतो. एक दिवस मी त्या खिडकीसमोर चक्क वऱ्हाडीत भांडले, "काहून बा, माणूस दिसत न्हाई का समोर?" तिला एक शब्द समजला नाही, पण कागद त्याच दिवशी पुढे सरकला. याला मी सल्ला म्हणत नाही.

सल्ला असा की घर बघतानाच घरमालकाकडून पत्त्याचे पत्र लिहून घ्या, पैसे नंतर. आणि खिडकीवर गेल्यावर आधी "बोंझूर" म्हणा. न म्हणता सरळ काम सांगितले की इथे उद्धटपणा समजतात. मला हे पाचव्या आठवड्यात कळले.

येताना काय आणू नये

फळे, बिया, रोपे परवानगीशिवाय आणता येत नाहीत. आमच्या आईने आंबिया बहाराची दोन डझन संत्री साडीत गुंडाळून आणली होती. विमानतळावर साडी परत मिळाली. संत्री पिंपात जाताना तिने जे तोंड केले ते अजून विसरलो नाही. कढीपत्त्याची काडीही तशीच गेली. पिठे, मसाले, लोणची आणता येतात, पण बंद पाकिटात आणि जाहीर करून. ज्वारीचे पीठ इथे दरवेळी मिळेल असे नाही. खर्रा आठवला तरी आणू नका. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

बाहेर खायला ढोलपुरी. बिनगोडाची पुरणपोळीच म्हणा, दोन-दोनच्या जोडीने देतात, वर घेवड्याची भाजी आणि चटणी.

वादळ

नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ. इशारे चार पायऱ्यांचे. पहिला निघाला की पाणी, मेणबत्त्या, रेडिओची बॅटरी भरा. तिसरा निघाला की घरातच बसा. चौथ्यात ताशी 120 किलोमीटरचे झोत सुरू झालेले असतात. मधेच वारा पडला म्हणून बाहेर पाहायला जाऊ नका, तो डोळा असतो आणि दुसरी बाजू यायची असते. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. पार्किंग उंचावर बघा.

पाहायचे काय

सगळे शामारेलच्या सात रंगांच्या मातीकडे धावतात. माझ्या मते अर्धा तास पुरे. पांप्लमूसची बाग सकाळी. ल मॉर्नचा डोंगर मात्र नुसता फोटोपुरता नको. पळून आलेले गुलाम त्याच्या कड्यांत लपत, त्यामुळे तो 2008 मध्ये जागतिक वारसा झाला. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट त्याच्या दोन वर्षे आधी. 2 नोव्हेंबर 1834 पासून आपले मजूर जहाजातून उतरून त्याच्या सोळा पायऱ्या चढले. जागा लहान आहे, तासात पाहून होते, पण पाहाच.

महाशिवरात्रीला गंगा तलाव. अख्खे बेट कावडी घेऊन चालत निघते, वाटेत लोक सरबत आणि खाणे वाटतात. सालबर्डीला चालत गेलेल्यांना वेगळे काही सांगायला नको, फक्त इथे गुहा नाही, विवरातले तळे आहे.

आपली संस्कृती (व्हाक्वाच्या काकूंकडून, दोन महिन्यांनी)

मुले आईला "मामाँ" म्हणतात याचे मला फार वाईट वाटते. लीळाचरित्र ज्या रिद्धपुरात घडले ते आपल्या तालुक्यात, आणि आपल्याच नातवाला "ळ" म्हणता येत नाही! घरात मराठीच बोला. महालक्ष्म्या बसवा, आंबील करा, सोळा भाज्या नाही जमल्या तर नऊ करा पण करा. कोजागिरीला भुलाबाईचा खाऊ मुलांना ओळखायला लावा. टीव्ही लावून दिला की आईपण संपत नाही.

आणि एक कानउघाडणी नव्यांची. इथले मराठी लोक आपल्या आधी दीडशे-पावणेदोनशे वर्षे आलेले आहेत, बहुतेक कोकणातून. त्यांची मराठी क्रिओलमध्ये मिसळलेली आहे, काहींना येतच नाही. तिला हसू नका. शाळांत मराठी शिकवली जाते ती त्यांच्यामुळे. गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते तीही त्यांच्यामुळे, आपण मोर्शीहून आणली नाही. कास्काव्हेलला गणपतीत झाकरी नाचताना पाहिली तेव्हा माझी मान खाली गेली. मला साधी फुगडी धड येत नाही. आरतीला बोलावले तर वेळेवर जा, पुढे जाऊन माइक धरू नका.

(काकू इतक्या रागावून लिहितील असे वाटले नव्हते. पण शेवटचे वाक्य मी मुद्दाम तसेच ठेवले आहे. गेल्या वर्षी माइक मी धरला होता.)

शाळांवर कोणीच लिहिले नाही, दवाखान्यांवरही नाही. ज्यांची मुले इथल्या सरकारी शाळेत गेली, त्यांनी पुढच्या आवृत्तीसाठी दोन पाने द्यावीत. जे अजून मोर्शीतच आहेत, त्यांनी आज कपाटातून विवाहाचे प्रमाणपत्र काढून पासपोर्टशेजारी ठेवावे आणि 'ए' मोजावेत.